तोकुजीचं ताट

आमच्या गावात किसाचा कागद जितका नावाजलेला, तितकाच तिचा भात बदनाम. रोजचा नाही हं. रोजचा भात ती चांगलाच करते. पण दर वर्षी मे महिन्याच्या पहिल्या तारखेला सकाळी तिच्या घरातून करपल्याचा असा काही वास सुटतो की सगळी आळी नाक धरते. गेल्या वर्षी मोहेईची नवी सून घाबरून पाण्याची बादली घेऊन धावत सुटली. मोहेई ओट्यावर पाय सोडून बसला होता. तो तिथूनच ओरडला, "अगं ए पोरी, फीर माघारी! काही पेटलंबिटलं नाही. किसाचा नवरा जेवायला बसलाय."

पोरगी बादलीसकट रस्त्यात उभी. किसाला नवरा आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि नाहीच तो. तीस वर्षं झाली त्याला जाऊन.

मोहेईला असं बोलायचा अधिकार आहे, कारण या गोष्टीतले तीन कागद त्यानेच त्या घरी पोचवले. तेव्हा तो गावच्या कचेरीत शिपाई होता आणि खालच्या शिरोइशीहून येणारं टपालही तोच घरोघर टाकायचा.

किसा मूळची डोंगरातल्या वरच्या वाडीची. तिकडे सगळे कोळसेवाले. एकोणीस वर्षांची असताना, डिसेंबरात, गुडघाभर बर्फ तुडवत ती लग्न होऊन खाली आली. तोकुजीचं घर कागदवाल्यांचं. आमच्याकडे पाणी जितकं गार तितका कागद चांगला उतरतो, त्यामुळे सगळं जग शेकोटीला चिकटून बसतं तेव्हा आम्ही कोपरापर्यंत हात बर्फाच्या पाण्यात घालून उभे. तोकुजी पंचविशीचा, रुंद खांद्यांचा, अन् अबोल. इतका अबोल की त्याची आई मात्सु त्याच्या तोंडावरच म्हणायची, "हा मेला पोटातून येतानाच तोंडाला कुलूप घालून आलाय, आणि किल्ली आतच राहिली." बाप लहानपणीच गेलेला. घरात मायलेक दोघंच, आणि मात्सुच्या जिभेला कुलूप नावाची गोष्ट ठाऊक नव्हती.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या सुनेने भात शिजवायचा, हा आमचा रिवाज. त्या एका भातावरून सून कशी निघणार ते ठरतं, आणि मग तिने जन्मभर काहीही करो, ते ठरलेलं बदलत नाही. मात्सुने तांदूळ काढून दिले, जव न मिसळलेले, निव्वळ पांढरे, आणि आतल्या खोलीत जाऊन बसली.

आता आमच्या सरपणाची एक खोड आहे. ज्या झाडाच्या सालीचा कागद होतो, त्याच्या सोललेल्या पांढऱ्या काठ्या आम्ही चुलीत घालतो. सुक्या काठ्या भसकन पेटतात आणि तितक्याच लवकर विझतात. त्या दोन-दोन, तीन-तीन अशा घालाव्या लागतात आणि चुलीवरून नजर हलवायची नसते. किसाला माहेरच्या टणक लाकडाची सवय, एकदा घातलं की खुशाल विसरावं. तिने काठ्यांचा अख्खा कवळा आत सारला. व्हायचं तेच झालं. भांड्याच्या बुडाला दोन बोटं जाड, काळीतपकिरी खरपुडी.

मात्सु आली, तिने भांड्यात डोकावलं. "पस्तीस वर्षं मी या चुलीपाशी आहे. त्याआधी माझी सासू होती. भात लागला नव्हता हो कधी." मग तिने वरचा पांढरा भात देवापुढच्या वाटीत काढला, स्वतःला घेतला, आणि तळाची खरपुडी खरवडून लेकाच्या वाडग्यात टाकली. "ज्याने बायको आणली त्याने खावी."

तोकुजीने वाडग्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि खायला सुरुवात केली. कुडुम कुडुम आवाज घरभर. संपलं तसं त्याने वाडगा पुन्हा पुढे केला. मात्सुने उरलीसुरली खरपुडी त्यात टाकली, तीही त्याने खाल्ली आणि एक शब्द न बोलता ओढ्यावर निघून गेला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं किसाला झालं. हा माणूस आपल्यावर इतका रागावलाय की बोलतसुद्धा नाही, असंच तिने धरलं. त्या दिवसापासून तिने चुलीवरून नजर म्हणून हलवली नाही. नवऱ्याकडेही मग धड बघणं झालं नाही.

पुढच्या दोन महिन्यांत नवरा-बायकोचं बोलणं किती झालं ते किसाला पाठ होतं. "गार आहे." "हो." "जाळी जरा डावीकडे कलते तुझी." "हो." हौदातल्या लगद्यात बांबूची जाळी बुडवून ती हलवायची, म्हणजे कागद धरतो. हे करताना किसाचा डावा हात थोडा खाली जायचा आणि तिच्या प्रत्येक कागदाची डावी कड किंचित जाड निघायची. मात्सु त्यावरून रोज टोचायची. तोकुजीने ते एकदाच सांगितलं, आणि सांगताना तिचं डावं मनगट हलकेच वर उचलून दाखवलं. हा एक स्पर्श किसाने पुढे किती वेळा आठवला असेल, त्याला सुमार नाही.

फेब्रुवारीत शाळेच्या मास्तरांनी कचेरीसमोर वर्तमानपत्र वाचून दाखवलं. आपल्या आरमाराने पोर्ट आर्थरच्या बंदरात रशियाच्या जहाजांवर हल्ला केला होता, आणि आपल्या सम्राटाने झारशी युद्ध पुकारलं होतं. मास्तरांनी नकाशा टांगला. रशिया दाखवायला त्यांना दोन्ही हात पसरावे लागले. आपला देश करंगळीखाली झाकला गेला.

"एवढ्याशी भांडायला निघालोय होय आपण?" मात्सु म्हणाली.

"एवढ्याशी नव्हे, काकू, एवढ्या मोठ्याशी," मास्तर म्हणाले.

"तेच म्हणतेय मी."

चौथ्या दिवशी मोहेई पहिला कागद घेऊन आला. लालसर रंगाचा. तोकुजीने लष्करात तीन वर्षं काढली होती, आता परत बोलावणं. मात्सुला वाचता येत नव्हतं, पण कागद तिने बोटांत चोळून पाहिला, उजेडात धरला, कोपरा जिभेला लावला. "यंत्राचा आहे. एका पावसात लगदा होईल याचा. माणूस न्यायला येतात आणि कागद असला आणतात!" असं म्हणून ती मागच्या दाराने गेली आणि बराच वेळ आत आली नाही.

किसाने दोन दिवसांत नवऱ्यासाठी कागदाची बंडी केली. आमचा कागद कंदाच्या खळीत भिजवून, चुरगाळून, मळून मऊ केला की कापडासारखा होतो आणि वारा अजिबात आत येऊ देत नाही. गणवेशाच्या आत घालायची. निघायच्या दिवशी देवळापाशी निशाणं, शाळेची पोरं, मास्तरांचं भाषण, सगळं झालं. तोकुजी आईसमोर वाकला. मग किसासमोर येऊन उभा राहिला. आता काहीतरी बोलेल म्हणून ती श्वास धरून उभी.

"हौदाशेजारी गरम पाण्याची बादली ठेव," तो म्हणाला. "मधूनमधून हात घालत जा त्यात."

बस्स. एवढं बोलून गेला. बर्फातल्या वाटेवर वळणापर्यंत त्याची पाठ दिसत होती, आणि किसाच्या मनात आलं, आपण या माणसाची पाठच जास्त पाहिली.

दुसऱ्या दिवसापासून तोकुजीचं ताट सुरू झालं. परगावी गेलेल्या माणसाच्या जागेवर रोज सकाळी त्याचं ताट मांडायचं, त्याचाच वाडगा, त्याच्याच जेवायच्या काड्या, आणि गरम साराच्या वाटीवर झाकण. घरातल्यांचं जेवण झालं की झाकण उचलायचं. आतल्या बाजूने पाण्याचे थेंब धरलेले असले की समजायचं, माणूस खुशाल आहे, उपाशी नाही. झाकण उचलायचा मान मात्सुचा. ती ते उचलून उजेडात धरायची, जसा कागद धरायची तसा, आणि म्हणायची, "आहे." मग तिच्या अंगात दिवसभराची ताकद यायची.

गरम सारावर झाकण ठेवलं की थेंब येणारच, हे काय मात्सुला कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. मी तरी तिला कधी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका.

ताट माणसाच्या दिशेला तोंड करून ठेवायचं असतं. आधी ते सेंदाईच्या छावणीकडे होतं. पलटण हिरोशिमाला गेली तसं मात्सुने मास्तरांकडे जाऊन दिशा विचारली आणि ताट फिरवलं. मार्चच्या शेवटी पलटण कोरियात उतरल्याचं कळलं. मास्तर घरी येऊन, खिडकीतून सूर्य बघून म्हणाले, "कोरिया... तो असा, घोड्याच्या तबेल्याकडे."

"तबेल्याकडे तोंड करून जेवेल होय माझा लेक?"

"काकू, कोरिया मी ठेवला नाही तिथे."

ताट तबेल्याकडे फिरलं. घोडंही लष्कराने नेलं होतं, तबेला रिकामाच होता.

पण खरी कटकट होती ती ताटात काय वाढायचं याची. गेलेल्या माणसाच्या आवडीचं वाढायचं असतं. मात्सु रोज अळकुड्या शिजवायची. "त्याला अळकुडी म्हणजे जीव की प्राण."

"आई, खरंच?" किसाने एकदा धीर करून विचारलं. "कारण ते काही म्हणायचे नाहीत."

"मी नऊ महिने पोटात वागवलाय त्याला. तुझे दोन महिने झालेत. तू मला सांगणार?"

किसा अळकुड्या सोलायला बसली. पण ते शब्द तिच्या मनात रुतून बसले. दोन महिने. आपल्या नवऱ्याला काय आवडतं हे आपल्याला माहीत नाही. समोर आलं ते त्याने खाल्लं, करपलेलंसुद्धा. त्याला मुळा आवडतो की भोपळा, सार दाट आवडतं की पातळ, माहीत नाही. दुसऱ्या बायकांना नवऱ्याची आठवण यायची. किसाला आठवायला फारसं काही नव्हतं, आणि जे नव्हतं त्याचीच तिला ओढ लागली. तो परत यावा आणि आपण त्याला एकदा नीट, समोरून, पोटभर बघावं, एवढंच तिला हवं होतं.

ताटातलं गार झालेलं जेवण किसा खायची. तेही रीतीचंच, वाया घालवायचं नाही. पण ती आपल्या काड्यांनी खायची. एका सकाळी मात्सु ओढ्यावर गेलेली असताना तिने तोकुजीच्या काड्या उचलल्या. त्यातल्या एकीचं टोक चावून चावून झिजलं होतं, दातांच्या बारीक खुणा होत्या. जेवताना काडी चावायची खोड होती तर याला! दोन महिने शेजारी बसून तिला हे दिसलं नव्हतं. तिने त्या खुणांवरून बोट फिरवलं आणि त्याच काडीने जेवली. त्या सबंध महिन्यात नवऱ्याबद्दल कळलेली ही एकच नवी गोष्ट, आणि ती तिने कुणाला सांगितली नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला मात्सुने पत्र लिहायला बसवलं. किसा चार इयत्ता शिकलेली होती. सासू सांगत होती, सून लिहीत होती. पाय कोरडे ठेव. कोरियाचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नकोस. ओढ्यावरचा बांध आम्ही दोघींनी नीट केला. शेजारणीची शेळी व्याली. खाली नखभर जागा उरली तेव्हा मात्सु उठून चुलीकडे गेली. किसाने पटकन शेवटी आपली ओळ घातली, "आम्ही रोज तुमचं ताट मांडतो. त्यात काय वाढू, ते कळवावं." लिहून झाल्यावर तिचे कान तापले. लग्नाच्या नवऱ्याला पत्रात दुसरं काय लिहितात, हे तिला माहीत नव्हतं.

त्या दिवसापासून ती उत्तराची वाट बघू लागली. कागद धरायचा मोसम संपत आला होता. फळ्यांवर कागद वाळत लावताना ती दर थोड्या वेळाने रस्त्याकडे बघायची. मोहेई दिसला की हातातलं काम थांबायचं. मोहेई लांबूनच हात हलवून नाही म्हणायचा. पुढेपुढे तो त्या घरावरून जायचंच टाळायला लागला, मागच्या बांधावरून जायचा.

मेच्या पहिल्या आठवड्यात वर्तमानपत्रात मोठ्या अक्षरांत बातमी आली. कोरियाच्या हद्दीवरची यालू नदी ओलांडून आपल्या फौजेने रशियाला मागे रेटलं. जमिनीवरची पहिली मोठी लढाई, आणि ती जिंकली. त्यात सेंदाईची पलटण होती. गावाला आनंदाचं भरतं आलं. संध्याकाळी कागदाच्या कंदिलांची मिरवणूक निघाली, कंदिलांचा कागद आमचाच. मात्सु आणि किसा दोघी एकेक कंदील घेऊन चालल्या. "माझा लेक आहे त्या नदीवर," मात्सु दिसेल त्याला सांगत होती. लोक वाकून तिला मान देत होते. किसाही त्या दिवशी हसली. लढाई जिंकली म्हणजे आता संपत आलं असणार, असा तिचा हिशेब.

मेच्या अखेरीला, भात लावणीच्या दिवसांत, मोहेई दुसरा कागद घेऊन आला. या वेळी तो पुढच्या वाटेने आला, आणि दाराशी येऊन उंबऱ्याबाहेर थांबला. डोक्यावरची टोपी हातात. किसाच्या मनात आधी पत्रच आलं. ती हात पुसत धावली. मोहेईने घडी केलेला कागद दोन्ही हातांनी पुढे केला.

कागद हातात घेताच तिच्या बोटांना कळलं. डावी कड किंचित जाड. हा तिनेच धरलेला कागद होता. गावची कचेरी रोजच्या लिखापढीला यंत्राचा कागद वापरते; जन्म, मृत्यू आणि वारसाहक्क तेवढे आमच्या कागदावर लिहितात, कारण तो शंभर वर्षं टिकतो. घडी उघडायच्या आधीच किसा खाली बसली.

"काय आहे?" आतून मात्सु आली. "मोहेई, काय आहे रे?"

मोहेईने किसाच्या हातातल्या कागदाकडे बोट केलं. किसाने अक्षरं लावत वाचलं. मे महिन्याची पहिली तारीख. सकाळी. यालू नदीच्या वाळूत.

मात्सुने तबेल्याकडे मांडलेल्या ताटाकडे पाहिलं. मग म्हणाली, "पहिल्या तारखेला थेंब होते. मी बघितले होते. भरपूर होते."

"हो, आई."

"म्हणजे जेवून गेला तो." तिने दाराची चौकट धरली. "उपाशी नाही गेला."

गेलेल्याचं ताट वेगळं असतं. ते देवघरापुढे मांडतात, काड्या भातात उभ्या रोवतात, आणि झाकण ठेवत नाहीत. देवळातले भटजी येऊन ते सगळं समजावून गेले. मात्सुने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा जुन्याच जागेवर, तबेल्याकडे तोंड करून, झाकण घालून ताट मांडलं. अळकुड्या वाढल्या. झाकण मात्र आता कुणी उचलत नव्हतं. ते तसंच राहायचं आणि दुपारी किसा गार सार पिऊन टाकायची.

लोक किसाला म्हणायचे, "रड गं बाई, रडलीस की मोकळी होशील." तिला रडू येत नव्हतं. रडायला माणूस माहीत असावा लागतो. तिच्यापाशी होतं काय? एक पाठ, मनगटावरचा एक हात, गरम पाण्याची बादली आणि चावलेली काडी. एवढ्यावर एक माणूस उभा करायचा ती दिवसभर प्रयत्न करायची, आणि तो उभा राहत नव्हता. आणि तिच्या प्रश्नाला आता उत्तर मिळणार नव्हतं. मला विचाराल तर याच्याइतकं वाईट मला त्या सगळ्या युद्धात दुसरं काही वाटलं नाही.

जूनमध्ये, लावणी आटपल्यावर, मोहेई तिसऱ्यांदा आला. तो पळत आला होता. घामाने डबडबलेला, आणि चेहरा असा की हसावं की रडावं त्याला कळत नव्हतं. "वहिनी," तो म्हणाला, "हे कसं द्यावं मला कळत नाही. पण तुमचंच आहे."

लष्करी टपालाचा शिक्का. चोवीस एप्रिल. लढाईच्या आठवडाभर आधीचं पत्र दीड महिना कुठेकुठे फिरून आलं होतं. कागद पातळ, यंत्राचा, घड्यांवर फाटायला आलेला.

मात्सुने हात धुतले, येऊन समोर बसली. "मोठ्याने वाच."

किसा वाचू लागली. आई, पाय कोरडे आहेत. पाणी उकळून पितो. इथे चिखल फार, गाड्या रुततात, म्हणून पाठीवर ओझं नेतो. कागदाच्या बंडीवर आमचे हवालदार नजर ठेवून आहेत, पण मी देणार नाही. शेळीचं बरं झालं. एवढं वाचून किसा थांबली. पुढच्या ओळीवर तिचे डोळे खिळले.

"काय झालं? फाटलंय?"

"नाही."

"मग वाच की."

"आई, पुढे... पुढे त्यांनी लिहिलंय की हे आईला सांगू नकोस."

मात्सुच्या भुवया वर गेल्या. कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर जुनी मात्सु आली. "मला सांगू नकोस? मला? वाच तू. बघते काय चोरतोय माझ्यापासून हा मे—"

नेहमीचा तो शब्द तिच्या ओठांवर अर्धा राहिला. तिने तो गिळला. किसाने मान खाली घालून वाचायला घेतलं.

"ताटाचं विचारलंस. आई अळकुड्या वाढत असेल. वाढू दे, तिला बरं वाटतं. पण खरं सांगू, मला अळकुडी लहानपणापासून बुळबुळीत लागते. हे आईला सांगू नकोस. मला खरपुडी आवडते. लहानपणी मोहेईच्या घरातून वास यायचा, त्याची आई भात लावायची आणि खरपुडीला सोयाबीनचा खारट मिसो फासून पोरांना द्यायची. मी बांधावर उभा राहून वास घ्यायचो. आपल्या घरी आई कधी भात लागू देत नाही. म्हणून तू आलीस त्या दिवशी मला फार आनंद झाला. तेव्हा बोललो नाही, आई बसली होती. दुसऱ्यांदा मागितली तेव्हा तुला कळलं असेल असं वाटलं. परत आलो की आई कधी देवळात गेली असेल तेव्हा पुन्हा कर. थंडी कमी झाली असेल, तरी गरम पाण्याची बादली ठेव."

दाराशी मोहेई टोपीत तोंड घालून उभा होता. किसाने पत्र मांडीवर ठेवलं, आणि मग तिला रडू आलं. चार महिन्यांचं रडू. तो माणूस तिच्यासमोर एकदम येऊन बसला होता. बांधावर उभा राहून दुसऱ्याच्या घरचा वास घेणारा पोरगा, आणि तोंड मख्ख ठेवून, आतल्या आत खूश होऊन, वाडगा पुन्हा पुढे करणारा तिचा नवरा. तो तिच्यावर कधी रागावलाच नव्हता.

"बुळबुळीत," मात्सु स्वतःशी म्हणाली. "पंचवीस वर्षं मुकाट्याने खाल्ल्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी किसा उठली तर मात्सु आधीच चुलीपाशी बसलेली. निव्वळ पांढरा तांदूळ भांड्यात चढवलेला. शेजारी काठ्यांचा भारा. ती दोन काठ्या घालायची, जाळ बघायची, भांड्यातला आवाज ऐकायची आणि हात आपोआप मागे यायचा. पुन्हा दोन काठ्या, पुन्हा तेच. भाताचा वास छान, गोड, नेहमीसारखा सुटला होता. मात्सुचा चेहरा रडवेला झाला होता.

"किसा," ती म्हणाली, "इकडे ये. मला हे जमत नाही. हात ऐकत नाहीत माझे." मग खालच्या आवाजात, "तू कसा लावला होतास तो?"

"अख्खा कवळा घातला, आई. एकदम."

"कवळा घातला तरी मी काढीन परत. माझी मला खात्री आहे. नजर हटत नाही माझी. त्या दिवशी तू बघत कुठे होतीस?"

हे किसाने कुणाला सांगितलं नव्हतं. लाकडाची सवय नव्हती, असंच सगळ्यांना माहीत होतं, आणि तेही खोटं नव्हतं. ती सासूशेजारी चुलीपाशी बसली.

"दाराबाहेर," ती म्हणाली. "ते ओढ्यावर बर्फ फोडत होते. साली भिजवलेल्या, त्या काढायला. बाह्या वर केल्या होत्या. मी पहिल्यांदाच त्यांना बघत होते, आणि त्यांना ते माहीत नव्हतं, म्हणून बघतच राहिले."

मात्सुने काठ्यांचा कवळा उचलला आणि चुलीत सारला. भडका उडाला. तिचा हात मागे जायला लागला तसा किसाने तो धरला आणि आपल्या दोन्ही हातांत घट्ट ठेवला. मग दोघींनी चुलीकडे पाठ केली आणि दाराबाहेर बघत बसल्या. बाहेर ओढा होता, बांध होता, त्याच्यावर बेडूक ओरडत होते. बर्फ कुठेच नव्हतं. थोड्या वेळाने करपल्याचा वास आला.

"झालं असेल का गं?" मात्सुने विचारलं.

"अजून थोडं, आई," किसा म्हणाली. "त्या दिवशी मी बराच वेळ बघत होते."